बाटलीतल्या पेशी आणि आवाजाचा धक्का

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या चाचांचं अत्तारीचं दुकान होतं. अत्तारी म्हटलं की लोकांना वाटतं, अत्तरच विकत असतील. अत्तर होतंच, पण त्याहून जास्त जडीबुटी होती. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, अक्कलकारा, सफेद मुसळी, असगंध. भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणावर उर्दूत आणि मराठीत नाव. शाळा सुटली की मी तिथं पुड्या बांधायला बसायचो. एका खणातली मुळी मला फार आवडायची. रतनजोत. दिसायला काळपट, सालपटं सुटलेली, हातात घेतली की बोटं जांभळी करणारी. गरम तेलात टाकली की तेल लालभडक व्हायचं. बायका ते केसांना लावायला न्यायच्या, लग्नाच्या जेवणाचे खानसामे सालनाच्या तर्रीला रंग यावा म्हणून न्यायचे. भाजल्या-कापल्यावरही लावायचे.

या लाल रंगाचा आणि ध्वनिलहरींचा काही संबंध आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर चाचांनी त्याला हसून चहा पाजला असता आणि वाटेला लावलं असतं. आज मला तोच संबंध सांगायचा आहे. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच तुटला. पुढची सगळी कमाई कवितेची, म्हणजे कमाई नाहीच. पण माझी भाची टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत काम करते आणि माझे अडाणी प्रश्न ती न कंटाळता ऐकून घेते. चुका माझ्या, समज तिची, असं धरून चला.

टिश्यू कल्चर हा शब्द आता नवा राहिलेला नाही. जळगावकडच्या केळीमुळे तो शेतकऱ्याच्याही तोंडी बसला आहे. पुस्तकी मराठीत त्याला ऊतिसंवर्धन म्हणतात. झाडाचा एक कोवळा तुकडा घ्यायचा, कोंबाचं टोक म्हणा, पानाचा कपटा म्हणा. तो धुऊन-पुसून जंतुरहित करायचा आणि काचेच्या बाटलीत ठेवायचा. बाटलीत माती नसते. चायनाग्रास म्हणून आपण जे ओळखतो त्या अगरचा घट्टसर थर असतो, त्यात क्षार, जीवनसत्त्वं आणि चक्क साखर, लिटरला साधारण तीस ग्रॅम. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी या खुराकाची एक कृती प्रसिद्ध केली. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही बहुधा त्याच कृतीपासून सुरुवात होते. वर दोन प्रकारची संप्रेरकं घालतात. एकाचं प्रमाण जास्त केलं की मुळं फुटतात, दुसऱ्याचं जास्त केलं की कोंब, आणि दोन्ही बरोबरीत ठेवली की तुकड्याचा नुसता गोळा वाढत जातो. त्या गोळ्याला कॅलस म्हणतात. हाच गोळा पातळ खुराकात घालून सारखा हलवत ठेवला की पेशी सुट्या होऊन पाण्यात वाढतात, ताकात लोण्याचे कण तरंगावेत तशा.

भाचीनं मला ती खोली दाखवली. पंचवीस अंशांचा गारवा, रात्री उशिरापर्यंत जळणाऱ्या ट्यूबलाइटा, मांडणीवर जॅमच्या असतात तसल्या शेकडो बाटल्या. मी म्हटलं, "अगं, यांची तर चैन आहे. ऊन नाही, पाऊस नाही, कीड नाही, आणि जेवायला साखर."

ती म्हणाली, "मामू, तीच तर अडचण आहे."

औषधी वनस्पतीत आपल्याला जे हवं असतं ते त्या झाडाच्या जेवणाखाण्याचं द्रव्य नसतं. कडू चव, उग्र वास, गडद रंग, विष, ही झाडाची शस्त्रं आहेत. अळीला पान बेचव लागावं, बुरशी मुळात शिरू नये, म्हणून झाड ती बनवतं. पळून जाता येत नाही, म्हणून रसायनं करतं. बाटलीतल्या पेशीला शत्रूच नाही. मग ती शस्त्रं कशाला गाळत बसेल? ती साखर खाते आणि फुगते. म्हणून पुष्कळ औषधी वनस्पतींच्या पेशी प्रयोगशाळेत भराभर वाढतात, पण तपासून पाहावं तर औषध नाममात्र. आमच्या मोहल्ल्यातही अशी काही लाडावलेली मुलं होती. असो.

यावर शास्त्रज्ञांनी जो उपाय काढला तो थोडा दुष्ट आहे. पेशीला खोटं भिववायचं. बुरशी मारून तिचा अर्क घालायचा, यीस्टचा अर्क घालायचा, एखादा धातूचा क्षार घालायचा. पेशीला वाटतं हल्ला झाला, आणि ती आपली शस्त्रं बनवायला घेते. पण बाहेरून घातलेलं काहीही मागे उरतं, ते औषधातून पुन्हा वेगळं करावं लागतं, आणि बाटली उघडली की जंतू शिरण्याची भीती आलीच. तेव्हा बाटली न उघडता भिववता येईल का? आवाज इथं कामाला येतो.

आता पुन्हा रतनजोतीकडे येऊ. तिच्या मुळीतला लाल रंग म्हणजे अल्कॅनिन. जपान-चीनकडे याच कुळातली एक वनस्पती आहे. तिच्या मुळीतला रंग शिकोनिन. हे दोन्ही रेणू एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत, डावा हात आणि उजवा हात असावेत तसे. जपानात ही मुळी रंगासाठी आणि जखमेवरच्या मलमासाठी पिढ्यान् पिढ्या वापरत. जंगलातली संपत आली आणि लावलेल्या रोपाची मुळी भरायला वर्षं लागतात. म्हणून १९८३च्या सुमारास मित्सुई कंपनीनं तिच्या पेशी टाकीत वाढवून शिकोनिन काढायला सुरुवात केली. वनस्पतीच्या पेशी टाकीत वाढवून असं द्रव्य बाजारात आणण्याची ती पहिली वेळ. त्या रंगाची लिपस्टिकही निघाली. चाचांना हे कळलं असतं तर त्यांनी दुकानाची पाटी बदलली असती.

याच वनस्पतीच्या पेशींवर हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या लिन आणि वू या संशोधकांनी काम केलं, ते २००२ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी पातळ खुराकातल्या पेशींना श्राव्यातीत ध्वनी दिला. श्राव्यातीत म्हणजे ऐकू येण्याच्या पलीकडचा. आपला कान सेकंदाला वीस ते वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, त्याच्या वरचा हा. तीव्रता मुद्दाम कमी ठेवली आणि वेळ अवघा एक ते आठ मिनिटं. तेवढ्यावर शिकोनिनचं उत्पादन साठ-सत्तर टक्क्यांनी वाढलं. शिवाय एरवी पेशीच्या आत अडकून राहणारा रंग थोडाफार बाहेर झिरपू लागला. रंग बाहेर आला की तो वरच्या वर काढून घेता येतो आणि पेशी पुन्हा कामाला लागतात. रतनजोतीचा रंग काढायला चाचांना तेल तापवावं लागायचं आणि मुळी कायमची संपायची. इथं पेशी जिवंत राहते.

हे होतं कसं? ज्यात हे करतात ते यंत्र तुम्ही पाहिलेलं आहे. चष्म्याच्या दुकानात काचा साफ करायची छोटी स्टीलची टाकी असते, पाणी भरलेली, बटण दाबलं की चर्रर्र करणारी. सोनाराकडेही असते, दागिन्यांच्या कोपऱ्यांतला मळ काढायला. तीच जात. टाकीच्या तळाशी एक चकती सेकंदाला वीस ते चाळीस हजार वेळा थरथरते. त्यामुळे पाण्यावर दाब येतो आणि सुटतो, येतो आणि सुटतो. दाब सुटतो त्या क्षणी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. आवाज जोरकस असेल तर हे बुडबुडे फाटकन मिटतात आणि मिटताना एवढा मार देतात की काचेवरचा मळ सुटतो. अशा माराखाली पेशी फुटून जाते. पेशी फोडायच्याच असतात तेव्हा प्रयोगशाळेत हेच यंत्र वापरतात.

पण आवाज कमी ठेवला तर बुडबुडे मिटत नाहीत, नुसते फुगतात-आकसतात. त्यांच्याभोवती पाण्याचे बारीक ओघ सुटतात आणि ते पेशीच्या कातडीला ओढत, चोळत राहतात. कातडी ताणली जाते, तिच्यातून कॅल्शियम आत शिरतं, प्राणवायूची जहाल रूपं तयार होतात, आणि पेशी समजते की कुणीतरी आपल्याला कुरतडतंय. पुढची सगळी धावपळ खऱ्या हल्ल्यात होते तशीच. हाँगकाँगच्या याच गटानं जिनसेंगच्या पेशींवरही हे पाहिलं. आवाज दिल्यावर त्या पेशींनी बुरशीचा अर्क घातल्यावर वागाव्यात तसंच वागायला सुरुवात केली, आणि जिनसेंगमधली औषधी द्रव्यं वाढली. म्हणजे आवाज आत जाऊन काही घडवत नाही. तो दार ठोठावतो. घडवते ती पेशीच.

यातली एक गोष्ट मला, अत्तरवाल्याच्या पुतण्याला, विशेष वाटली. चमेलीच्या अत्तरात जो सुगंध असतो त्यातलं एक द्रव्य मिथाइल जॅस्मोनेट. जास्मिनवरूनच ते नाव पडलं. चमेलीत ते सुगंध आहे, पण जवळपास सगळ्या वनस्पतींत त्याचं घराणं धोक्याची घंटा म्हणून वावरतं. पान कुरतडलं गेलं की आत जॅस्मोनिक आम्ल तयार होतं आणि बाकीच्या पानांना खबर जाते. वू आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००४ साली दाखवलं की, आवाजाचा धक्का दिलेल्या चिनी यू वृक्षाच्या पेशींतही हेच आम्ल तयार होतं आणि त्यापाठोपाठ त्या पेशी टॅक्सॉल जास्त बनवतात.

टॅक्सॉल या नावाशी मला थोडं थांबावं लागेल. २००८ साली आमच्या आपांना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, बीजांडकोशाचा कर्करोग निघाला. सलाइनच्या दांडीला बाटली लटकायची, थेंब थेंब पडायचा, आणि मी शेजारी बसून लेबल वाचायचो, कारण वाचायला दुसरं काही नसायचं. पॅक्लिटॅक्सेल. टॅक्सॉलचंच हे दुसरं नाव. आपा बऱ्या झाल्या. आता नातवंडांवर ओरडत असतात. ते औषध झाडाच्या सालीतून प्रथम निघालं हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. ते वेगळं काढणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या नंदुरबारला जन्मलेले होते, हे तर त्याहून उशिरा कळलं. डॉ. मनसुख वाणी. मुंबई विद्यापीठात शिकले, अमेरिकेला गेले, नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर काम केलं. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना त्यांनी १९७१ साली जगापुढे मांडली. डॉ. वाणी २०२० साली पंचाण्णवाव्या वर्षी गेले.

औषधाला १९९२च्या डिसेंबरात अमेरिकेत परवानगी मिळाली तोवर पेच उभा राहिला होता. साल काढली की झाड मरतं, आणि एका रुग्णाला पुरेल एवढ्या औषधाला अशी अनेक मोठी झाडं लागतात. हे झाड वाढतंही फार सावकाश. माणूस वाचवायचा की जंगल, असा तो हिशेब. पुढे यूच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून औषध काढण्याची पद्धत बसली. ती वापरणाऱ्या ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीला २००४ साली अमेरिकी सरकारचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कारही मिळाला. आवाजाचे प्रयोग या वाटेवरचे आहेत. त्याच टाकीतून आणखी थोडं जास्त, आणखी थोडं लवकर मिळावं, हा त्यांचा हेतू.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या मनात एव्हाना गाणं सुरू झालं असेल. वनस्पतींना संगीत आवडतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. अण्णामलाई विद्यापीठात टी. सी. सिंग यांनी १९५० आणि ६०च्या दशकांत रोपांना वीणा, व्हायोलिन ऐकवून वाढ होते असं सांगितलं, त्याची चर्चा जगभर झाली. कवी म्हणून मला हे खरं असायला हवं आहे. मुशायऱ्यात श्रोते उठून जातात, निदान कुंड्या तरी बसून राहतील. पण गाणं ऐकणाऱ्या रोपाला पाणी, ऊब, माणसाची देखरेख नेमकी इतरांइतकीच मिळाली का, याची खात्री अशा प्रयोगांत पटत नाही, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप मला मान्य करावा लागतो. रोपाला राग कळतो, याला आधार नाही. कंपन कळतं, याला आहे. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात २०१४ साली दोघा संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्याच्या पानाला अळी पान कुरतडते तेव्हाचं कंपन, नुसतं कंपन, यंत्रानं दिलं. पुढे खरी अळी सोडल्यावर त्या पानांनी तिखट द्रव्यं जास्त बनवली. वाऱ्याचं कंपन किंवा दुसऱ्या एका किड्याचं गाणं दिलं तर तसं झालं नाही. म्हणजे रोप रसिक नसेल, पण शत्रूचा आवाज त्याला कळतो.

ऐकू येणारा आवाजही टिश्यू कल्चरमध्ये वापरून पाहिला आहे. चीनमध्ये चोंगचिंग विद्यापीठात शेवंतीच्या कॅलसला रोज तासभर हजार हर्ट्झचा, शंभर डेसिबलचा सरळसोट सूर ऐकवला. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहावं एवढा तो मोठा. शेवंतीची फुलं चीनमध्ये औषधी चहाला वापरतात. कॅलसची वाढ सुधारली, पण मात्रेच्या पलीकडे गेलं की फायदा ओसरून नुकसान सुरू. तिथंच एका औषधी ऑर्किडवर, डेंड्रोबियमवर, २००८ साली असंच पाहिलं तेव्हा आवाजाच्या ताणाखाली रोपातली संरक्षक विकरं कमीजास्त होताना दिसली. म्हणजे ही मजा नव्हती, ताण होता. याच ऑर्किडच्या पेशीगोळ्यांना २०१२च्या एका प्रयोगात श्राव्यातीत ध्वनी दिला तेव्हा त्यांना कोंब अधिक फुटले. टिश्यू कल्चर करणाऱ्यांचं अर्धं आयुष्य कोंब फुटायची वाट पाहण्यात जातं, त्यामुळे हे काही लहान नाही.

आणखी एक उपयोग घाईत सांगतो. अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आपली जनुकं वनस्पतीत घुसवतो, पण त्याला शिरायला जखम लागते. ट्रिक आणि फायनर या दोघांनी १९९७ साली दाखवलं की, काही सेकंद श्राव्यातीत ध्वनी दिला तर पेशींवर हजारो बारीक ओरखडे पडतात आणि जिवाणूचं काम सोपं होतं. सुरीनं केलेली जखम एका ठिकाणी, ही सगळीकडे. या जिवाणूच्या एका भाऊबंदामुळे रोपाला केसांसारखी मुळं फुटतात. ती संप्रेरकांशिवाय वाढतात आणि औषधी द्रव्यं टिकवून धरतात. अश्वगंधेवर हे काम आपल्याकडेही झालं आहे.

मग आतापर्यंत सगळ्या औषधी झाडांचं काम टाक्यांत का सुरू झालं नाही? भाचीला विचारलं तर ती बोटं मोजायला लागली. आवाज पाण्यात सगळीकडे सारखा पसरत नाही. चंबूएवढ्या भांड्यात तो सांभाळता येतो. हजारो लिटरच्या टाकीत एका कोपऱ्यातली पेशी मरते आणि दुसऱ्या कोपऱ्यातलीला काही जाणवतही नाही. पाणी तापतं ते वेगळंच. प्रत्येक वनस्पतीची मात्रा निराळी. जिनसेंगला दोन मिनिटं मानवली म्हणून अश्वगंधेला मानवतील असं नाही. आणि वाढ थोडी खुंटते, कारण शस्त्रं बनवायची तर साखर तिकडे खर्च होते. एवढं करून जे जास्त मिळतं ते खर्चाला परवडायला हवं.

पण हे परवडवावं लागेल असं एक झाड आपल्या सह्याद्रीत आहे. त्याला नरक्या म्हणतात, आणि अमृताही म्हणतात. दोन्ही नावं एकाच झाडाची. वॉल आणि वाणी यांनी टॅक्सॉलच्या आधी, १९६६ साली, एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं होतं. त्यापासून पुढे टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगाची औषधं झाली. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं, आणि तेही भरघोस. मग जे व्हायचं ते झालं. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्याची खोडं रातोरात ट्रकांत भरून जाऊ लागली. चोरट्या तोडीच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. लाकडात हे द्रव्य शंभरात एक भागाहूनही खूप कमी, त्यामुळे तोड मोठी.

नरक्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालं, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही झालं. पेशी वाढतात. पण खोडात जेवढं औषध असतं त्याच्या मानानं त्यांच्यात फारच थोडं. तीच साखर खाऊन फुगण्याची कथा. या पेशींना कशानं जागं करायचं, हा प्रश्न हाँगकाँगच्या प्रयोगांइतकाच साधा आणि तितकाच चिवट आहे.

एका श्रावणात महाबळेश्वरच्या बाजूला गेलो होतो तेव्हा वनरक्षकानं मला ते झाड दाखवलं. पिवळट पांढऱ्या फुलांचे घोस होते. मी नाक पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं. तो हसला. "म्हणून नरक्या, सर." थोड्या अंतरावर एक बुंधा होता, गुडघ्याएवढा कापलेला, आणि त्याच्या कडेनं चारपाच हिरवे धुमारे वर आले होते. टिश्यू कल्चरला असलाच कोवळा कोंब नेतात. मी त्याला विचारलं, "हे पुन्हा मोठं होईल?"

"खोड नेलं तर फुटतं परत," तो म्हणाला. "पण आता मुळातही माल असतो म्हणून मुळासकट उपटतात. तिथं मग खड्डाच राहतो."